सलीम अली आणि पक्ष्यांची आठवण

हिवाळ्यात आपल्या हिप्परगा तलावावर आणि उजनीच्या पाण्यावर दूरदूरचे पक्षी उतरतात. त्यांना मागचा हिवाळा आठवत असेल का? पक्ष्यांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते डॉ. सलीम अलींचं.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवलं. साधारण दहा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतात तर गळ्यावर पिवळा डाग! ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

रीतसर पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेची नोकरी हुकली. पण ते खचले नाहीत. १९२९-३० मध्ये जर्मनीत स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून आले. तरी नोकरी नाहीच! मग अलिबागजवळ किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. पुढे सोसायटीने त्यांच्या पुढाकाराने हजारो पक्ष्यांच्या पायात नंबर असलेली कडी घातली. अशा कड्यांमुळेच कळलं की कित्येक पक्षी दरवर्षी नेमक्या त्याच जागी परततात.

पण जागा ओळखणं वेगळं आणि घडलेला प्रसंग आठवणं वेगळं. मेसची वाट पायांना पाठ असते. होस्टेलचा पहिला दिवस मात्र आपण मनात पुन्हा जगतो. पक्ष्यांना हे जमतं का? १९९८ साली क्लेटन आणि डिकिन्सन यांनी स्क्रब जे या पक्ष्यांवर प्रयोग केला. त्यांना अळ्या आणि शेंगदाणे लपवायला दिले. अळ्या सडतात हे अनुभवाने कळलेले पक्षी चार तासांनी अळ्या शोधत, पण पाच दिवसांनी थेट शेंगदाण्यांकडे जात. म्हणजे काय, कुठे आणि कधी ठेवलं, हे तिन्ही त्यांच्या लक्षात होतं. तो क्षण ते आपल्यासारखा पुन्हा जगतात का, हे मात्र अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

हा प्रयोग पाहायला सलीम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी ते गेले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ते त्या पडलेल्या चिमणीचंच. जवळजवळ ऐंशी वर्षं ती त्यांच्या मनात होती.

पक्ष्याच्या मनातलं कळो न कळो, तो आठवणीतल्या तळ्यावर परत येतो हे नक्की. तो येईल तेव्हा तिथे पाणी असावं, प्लॅस्टिकचा ढीग नसावा, एवढं तर आपल्या हातात आहे ना?