एलियास माग्नुस फ्रीस

एलियास माग्नुस फ्रीस (१५ ऑगस्ट, इ.स. १७९४, फेम्शो, स्वीडन – ८ फेब्रुवारी, इ.स. १८७८, उप्साला, स्वीडन) हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ व कवकशास्त्रज्ञ होते. भूछत्रांचे (अळंब्यांचे) वर्गीकरण त्यांच्या बीजाणूंच्या रंगावरून करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. गुरांच्या कुरणात उगवलेले भूछत्र कोणत्या वंशातील आहे, हे ठरवताना आजही या रंगाची कसोटी लावली जाते.

== बालपण व शिक्षण ==

फ्रीस यांचे वडील स्मोलांद प्रांतातील फेम्शो या गावी पाद्री होते. त्यांनी मुलाला लहानपणीच लॅटिन शिकवले. त्या काळी वनस्पतींचे बरेच ग्रंथ याच भाषेत असल्याने हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले. इ.स. १८०६ मध्ये आईबरोबर जळून गेलेल्या रानात फळे वेचायला गेले असता त्यांना पोवळ्यासारख्या फांद्या असलेले एक मोठे कवक (हेरिसियम कोरालॉइडेस) आढळले. कवकांविषयीची त्यांची आयुष्यभराची ओढ येथून सुरू झाली. हाताशी पुरेशी पुस्तके नसल्याने सापडलेल्या जातींना ते स्वतःच तात्पुरती नावे देत. इ.स. १८११ मध्ये ते लुंड विद्यापीठात दाखल झाले. तेथे आंदेर्स यहान रेट्सियस व कार्ल अडोल्फ आगार्ध हे त्यांचे शिक्षक होते. इ.स. १८१४ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली.

== बीजाणूंच्या रंगावरील वर्गीकरण ==

फ्रीस यांच्यापूर्वी लिनियस यांनी टोपीखाली कल्ले (पातळ उभे पडदे) असलेल्या बहुतेक भूछत्रांना 'अगॅरिकस' या एकाच वंशात घातले होते. क्रिस्तियान हेंड्रिक पेर्सून यांनी इ.स. १८०१ मध्ये या पसाऱ्यात बरीच व्यवस्था आणली, तरी रंग, आकार व वास यांवरून जाती ओळखणे अनिश्चितच राहिले. पाऊस, ऊन आणि वय यांनुसार टोपीचा रंग बदलतो. पिकलेल्या बीजाणूंचा रंग मात्र सहसा बदलत नाही.

'सिस्टेमा मायकोलॉजिकम' (तीन खंड, इ.स. १८२१–१८३२) या ग्रंथात फ्रीस यांनी कल्लेधारी भूछत्रांची विभागणी मुख्यतः या रंगावरून केली. पांढरे, गुलाबी, तपकिरी व जांभळट काळपट बीजाणू असलेल्या जाती त्यांनी वेगवेगळ्या गटांत मांडल्या. गडद बीजाणूंच्या एका गटाचे नाव 'प्राटेला' असे होते. लॅटिनमध्ये 'प्राटुम' म्हणजे कुरण.

बीजाणूंचा रंग पाहण्यासाठी देठ कापून टोपी कल्ल्यांच्या बाजूने कागदावर ठेवतात व वाडग्याने झाकतात. काही तासांनी किंवा रात्रभरात कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून अर्धा कागद गडद रंगाचा घेणे सोयीचे ठरते.

या साध्या कृतीचे महत्त्व युरोपातील कुरणांत सहज ध्यानी येते. तेथील खाद्य कुरणभूछत्राचे (अगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस) कल्ले कोवळेपणी गुलाबी व नंतर गडद तपकिरी होतात. त्याचा ठसाही चॉकलेटी तपकिरी येतो. झाडांजवळच्या गवतात उगवणाऱ्या विषारी एंटोलोमा सिन्युएटम या जातीचे कल्लेही वाढल्यावर गुलाबी दिसतात, पण तिचा ठसा गुलाबीच राहतो. पांढऱ्या व प्राणघातक अमानिटा जातींचा ठसा पांढरा येतो. या जातींच्या देठाच्या बुडाशी पिशवी असते. मात्र भूछत्र वरच्यावर खुडले तर ती जमिनीतच राहते आणि ओळखीची मोठी खूण हरवते. अमानिटाच्या विषबाधेची लक्षणे साधारणतः सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते.

ठशाचा रंग वंश ओळखण्यास साहाय्य करतो. भूछत्र खाण्यायोग्य आहे की नाही, हे तो सांगत नाही. गवतात वर्तुळाकार उगवणारे खाद्य मारास्मियस ओरिएडेस आणि तसेच उगवणारे विषारी क्लिटोसायबी रिव्ह्युलोसा या दोघांचाही ठसा पांढरा असतो. पहिल्याचे कल्ले विरळ असतात, तर दुसऱ्याचे दाट असून देठावर किंचित उतरतात. मारास्मियस हा वंश फ्रीस यांनीच स्थापिला. सुकल्यानंतर पाणी मिळताच पुन्हा टवटवीत होणे हा त्यांनी मानलेला त्याचा विशेष होय. उष्ण प्रदेशांतील कुरणांत आढळणाऱ्या विषारी क्लोरोफिलम मॉलिब्डाइटिसचा ठसा तर हिरवट असतो. उत्तर युरोपात घडलेल्या या रंगमालिकेत त्या रंगाला जागाच नव्हती.

== उप्साला येथील कार्य ==

इ.स. १८३४ मध्ये फ्रीस उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले व इ.स. १८५१ मध्ये तेथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे आले. इ.स. १८४७ मध्ये ते स्वीडिश अकादमीचे सदस्य झाले. पूर्वीच्या ग्रंथातील अनेक उपगटांना त्यांनी 'एपिक्रिसिस' (इ.स. १८३६–१८३८) या ग्रंथात स्वतंत्र वंशांचा दर्जा दिला. शैवाकांवरही (दगडफुलांवरही) त्यांनी मोठे लेखन केले.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी इ.स. १८६० ते १८६६ या काळात स्वीडनमधील खाद्य व विषारी भूछत्रांवर रंगीत चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. मांसल भूछत्रे वाळवली की त्यांचा आकार व रंग नाहीसा होतो. त्यामुळे फ्रीस यांच्या कामात चित्रांना नमुन्यांइतकेच मोल होते.

== मर्यादा ==

सूक्ष्मदर्शकाचा वापर फ्रीस यांनी जवळजवळ टाळलाच. नुसत्या डोळ्यांना किंवा भिंगातून दिसेल त्यावरच त्यांची पद्धत उभी होती. म्हणूनच ती रानात फिरणाऱ्या कोणालाही वापरता आली. परंतु बाह्यतः सारखी दिसणारी, मात्र परस्परांशी नाते नसलेली कवके त्यामुळे एकत्र राहिली. बीजाणूंची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाऊ लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे अनेक गट मोडले गेले. त्याच काळात कुमर व केले यांनी फ्रीस यांच्या कित्येक उपगटांना वंशाचा दर्जा दिला. गुरांच्या शेणावर वाढणाऱ्या व ठिपकेदार कल्ले असलेल्या पॅनिओलसचा त्यांत समावेश होतो.

== नामकरणातील स्थान ==

बहुतेक कवकांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ दीर्घकाळ 'सिस्टेमा'पासून मानला जात असे. इ.स. १९८१ च्या सिडनी येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत हा आरंभ लिनियस यांच्या इ.स. १७५३ मधील ग्रंथापर्यंत मागे नेण्यात आला. मात्र फ्रीस यांनी स्वीकारलेल्या नावांना विशेष संरक्षण देण्यात आले. अशा नावापुढे मूळ लेखकानंतर विसर्गचिन्ह देऊन फ्रीस यांचे संक्षिप्त नाव लिहिण्याची प्रथा होती.