बिल ब्लॅक
विल्यम पॅटन ब्लॅक, कनिष्ठ ऊर्फ बिल ब्लॅक (१७ सप्टेंबर, १९२६ - २१ ऑक्टोबर, १९६५) हे अमेरिकन बासवादक व वाद्यवृंदप्रमुख होते. एल्विस प्रेस्ली यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांतील स्लॅप बास वादनासाठी ते ओळखले जातात.

== सुरुवातीचे जीवन ==
ब्लॅक यांचा जन्म टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यात नोकरी केली. त्यानंतर मेम्फिसमधील फायरस्टोन टायर कारखान्यात काम करीत असताना ते गिटारवादक स्कॉटी मूर यांच्या स्टारलाइट रँग्लर्स या वाद्यवृंदात डबल बास वाजवत असत.

== प्रेस्ली यांच्यासोबत ==
जुलै १९५४ मध्ये सन रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत प्रेस्ली, मूर आणि ब्लॅक यांनी 'दॅट्स ऑल राइट' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी ड्रमवादक नसल्यामुळे तालाची जबाबदारी मुख्यतः ब्लॅक यांच्यावर होती. मिळकतीचा निम्मा वाटा प्रेस्ली यांना आणि प्रत्येकी २५ टक्के मूर व ब्लॅक यांना, असे आरंभी ठरले होते. पुढे या दोघांना ठरावीक पगार मिळू लागला: दौऱ्यावर असताना आठवड्याला २०० डॉलर व एरवी १०० डॉलर. प्रेस्ली यांची कीर्ती व उत्पन्न प्रचंड वाढूनही त्यांच्या वेतनात त्या प्रमाणात वाढ झाली नाही. त्यामुळे सप्टेंबर १९५७ मध्ये दोघांनी राजीनामे दिले.

== वादनशैली ==
स्लॅप पद्धतीत डबल बासची तार बोटाने ओढून सोडली जाते. ती फळीवर आपटल्यामुळे स्वराबरोबरच टणत्कार उमटतो. दोन स्वरांच्या मधल्या जागेत तळहात तारांवर मारून आणखी एक आघात साधता येतो. त्यामुळे एकच वादक स्वर आणि ताल दोन्ही सांभाळतो. शफल लयीत प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग कल्पिले जातात. पहिले दोन जोडून दीर्घ आघात व तिसऱ्यावर ऱ्हस्व आघात येतो. या लयीचा अभ्यास करणाऱ्या वादकाने सुरुवातीस वेग कमी ठेवून हा तिसरा भाग नेमका साधणे आवश्यक असते. तो लवकर वाजल्यास लय सरळ होते आणि तिचा डौल हरवतो.

== बिल ब्लॅक्स कॉम्बो ==
ब्लॅक यांनी १९५९ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला. हाय रेकॉर्ड्सने प्रकाशित केलेली 'स्मोकी, भाग २' (१९५९) ही शफल लयीतील गीतविरहित रचना आणि 'व्हाइट सिल्व्हर सँड्स' (१९६०) या दोन्ही अमेरिकेतील ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. १९६४ मधील बीटल्सच्या अमेरिका दौऱ्यात हा वाद्यवृंद सहभागी होता. मात्र आजारपणामुळे ब्लॅक स्वतः त्यात नव्हते.

== मृत्यू व वारसा ==
मेंदूतील गाठीमुळे वयाच्या ३९ व्या वर्षी मेम्फिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा डबल बास पुढे पॉल मॅककार्टनी यांच्या संग्रहात आला. २००९ मध्ये ब्लॅक यांचा मरणोत्तर समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.