बख्त बुलंद शाह

वैनगंगेच्या खोऱ्यात आज जिकडे तिकडे भाताची शेते दिसतात. भंडारा जिल्ह्यातील करडीसारखी गावे याच खोऱ्यात वसलेली आहेत. परंतु सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी या प्रदेशाचा फार मोठा भाग घनदाट अरण्याने व्यापलेला होता. गावे थोडी आणि एकमेकांपासून दूर होती. जमीन सुपीक होती. पण ती कसणारे हात अपुरे होते. ही उणीव ज्याने ओळखली, तो राजा म्हणजे देवगडचा बख्त बुलंद शाह.

देवगड ही सातपुड्यातील एका गोंड राज्याची राजधानी होती. ते ठिकाण आता मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील राजघराण्यात गादीसाठी कलह माजला. भाऊबंदांपुढे निरुपाय झाल्यामुळे या राजपुत्राने औरंगजेब बादशहाचे साहाय्य मागितले. त्यासाठी त्याला इस्लाम धर्म स्वीकारावा लागला. त्याला गादी मिळाली आणि बख्त बुलंद, म्हणजे थोर भाग्याचा, हे नावही मिळाले. पण या साहाय्याचे मोल मोठे होते. धर्म बदलला होता, आणि राज्यावर बादशहाची सत्ता आली होती. तरीही आपल्या गोंड प्रजेशी असलेले नाते त्याने तोडले नाही.

बादशाही मुलखातील शेती, व्यापार आणि कारागिरी यांची त्याला माहिती झाली होती. आपले राज्यही तसेच भरभराटीस यावे, असे त्याला वाटू लागले. त्याने दूरदूरच्या कष्टाळू लोकांना आपल्या राज्यात येऊन वसण्यास उत्तेजन दिले. शेतकरी आले, कारागीर आले, व्यापारीही आले. राज्यकारभारात त्याने हिंदू व मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे नेमली. रान तोडून शेते झाली आणि नवी गावे उभी राहिली.

पुढे औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतला. ती संधी साधून बख्त बुलंदाने बादशहाची सत्ता झुगारली आणि वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील मोगल मुलखावर स्वाऱ्या केल्या. ज्याच्या बळावर गादी मिळाली, त्याचाच रोष त्याने ओढवून घेतला. पण त्यामुळे नवी वस्ती उभारण्याचे काम थांबले नाही.

नाग नदीच्या काठी बारा लहान वाड्या होत्या. त्या राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जात. इ. स. १७०२ च्या सुमारास बख्त बुलंदाने त्या एकत्र करून नगर वसवले. तेच आजचे नागपूर होय. त्याचा वारस चांद सुलतान याने पुढे या नगराभोवती तट बांधून तेथे राजधानी आणली.

इ. स. १७३९ मध्ये चांद सुलतान मरण पावला. त्याच्या वारसांतील भांडणातून थोड्याच वर्षांत राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. ज्या भाऊबंदकीने बख्त बुलंदाला परक्याच्या दारी नेले होते, तिनेच अखेर त्याच्या घराण्याची सत्ता घालवली. परंतु त्याने वसवलेले नगर वाढतच गेले. राजा गेला, राज्य गेले. पण लोकांनी घामाने उभारलेली वस्ती मागे राहिली.