विश्लेषण : भात कमी करायचा निश्चय टिकत का नाही? विनोबांच्या आहारप्रयोगांतून काय शिकता येईल?

मुळशी हा भाताचा तालुका. ताम्हिणीपासून पौडपर्यंत पावसाळ्यात खाचरे भरलेली दिसतात आणि आंबेमोहोर, इंद्रायणी तांदूळ घरोघरी शिजतो. याच तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्कही आहे, जिथे दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत जातात. वजन किंवा रक्तातील साखर वाढली की कर्बोदके, म्हणजेच कार्ब्स, कमी करण्याचा सल्ला मिळतो. पहिला आठवडा उत्साहात जातो, पण अनेकांच्या ताटात महिन्याभरात भात परत येतो. आहार बदलण्याचा निश्चय टिकवायचा कसा, हे समजून घेण्यासाठी विनोबा भावे यांचे आयुष्य उपयोगी पडते.

आहाराचे प्रयोग कधी सुरू झाले?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ते महात्मा गांधींना भेटले आणि तिथेच राहिले. पुढच्या वर्षी प्रकृती सुधारावी आणि संस्कृतचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत दाखल झाले. तिथे काय केले, काय खाल्ले आणि त्याला किती खर्च आला, याचा हिशेब त्यांनी फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधीजींना पत्राने कळवला.

वाईत त्यांनी नेमके काय केले?

सगळे एकदम सोडले नाही. मसाले पूर्ण वर्ज्य केले, पण मीठ पहिले सहा महिने चालू ठेवले आणि नंतर बंद केले. व्यायामातही असाच क्रम होता. आधी रोज १० ते १२ मैल चालणे, मग जात्यावर दळण आणि पुढे रोज ३०० सूर्यनमस्कार. या काळात त्यांनी महाराष्ट्रात सुमारे ४०० मैलांची पायपीट केली आणि मुळशीच्या शेजारचे सिंहगड, तोरणा हे गडही पाहिले.

एक महिना त्यांनी धान्य सोडून फक्त केळी, दूध आणि लिंबू घेतले. ताकद कमी होते आहे असे दिसताच त्यांनी तो प्रयोग थांबवला आणि ज्वारी पुन्हा ताटात आणली. पत्र लिहिताना त्यांचा रोजचा आहार ६० तोळे दूध, २० तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू असा होता. खर्च रोज ११ पैसे. हा आहार आजच्या अर्थाने कमी कर्बोदकांचा नाही, कारण ज्वारी आणि केळी दोन्हींत कर्बोदके भरपूर असतात. पण प्रयोग फसल्यावर संयमाचा मूळ निश्चय न सोडता त्यांनी फक्त ताट बदलले. वर्षाची मुदत संपताच ते ठरल्याप्रमाणे आश्रमात परतले.

४४ किलो नव्हे, ४० किलोच!

१९३८ मध्ये प्रकृती फार ढासळली तेव्हा त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोवर आले होते. गांधीजींच्या आग्रहामुळे विश्रांतीसाठी ते वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीकाठी राहायला गेले. तिथे त्यांनी शेतात खोदकाम सुरू केले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे आणि मग रोज थोडी भर, असे करत ते दोन तासांपर्यंत पोहोचले. काही महिन्यांत वजन १२८ पौंड, म्हणजे सुमारे ५८ किलो झाले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदान चळवळ सुरू झाली. त्यानंतरच्या दीर्घ पदयात्रेत पोटात अल्सर असल्यामुळे दही-दुधासारखा मोजका आहार ते थोडा थोडा घेत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी अन्न आणि औषध नाकारले होते. तो निर्णय मात्र आहारप्रयोगांपेक्षा वेगळा होता.

आज भात कमी करणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि त्यासोबत साधारण तिप्पट पाणी धरून ठेवते. साठा संपला की ते पाणी बाहेर पडते. पुढे काटा हळू सरकतो आणि नेमका तिथेच धीर सुटतो. म्हणून केवळ वजनावर विसंबू नये. कमरेचे माप, रक्तातील साखर आणि जिना चढताना लागणारी धाप यांचीही नोंद ठेवावी.

सुरुवातीला डोकेदुखी, थकवा किंवा चक्कर येऊ शकते, कारण पाण्याबरोबर सोडियमही कमी होते. त्यामुळे विनोबांसारखे मीठ सोडण्याचे अनुकरण याच वेळी करू नये. भात एकदम बंद करण्यापेक्षा आधी रात्रीचा बंद करावा, दुपारचा वाटीने मोजावा आणि उरलेली जागा उसळ, भाजी, अंडी, मासे किंवा पनीरने भरावी. घरात सगळ्यांसाठी भात शिजतच असतो, म्हणून आपला बदल घरच्यांना आधीच सांगितलेला बरा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस ठरवून घ्यावा, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी हा बदल स्वतःहून करू नये. एखाद्या सणाला भात खाल्ला गेला तर दुसऱ्या दिवशी ठरलेले ताट पुन्हा सुरू करावे. आणि थकवा हटतच नसेल तर प्रमाण बदलावे.