पॉल रँड : कंपन्यांना चेहरा देणारा चित्रकार



आधी माझीच एक चूक सांगते. शाळेच्या वर्धापनदिनासाठी बोधचिन्ह, म्हणजे लोगो, करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी त्यात पुस्तक, पेन, दिवा, उगवता सूर्य, झाड आणि संगणक, सगळं घातलं. कागदावर छान दिसलं. पण बिल्ला छापून आला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत नुसता काळा डाग! एका मुलाने विचारलं, "बाई, हे काय आहे?" मला सांगता येईना. त्यानंतर मी पॉल रँड यांच्याविषयी वाचलं. तेच आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

बालपण व शिक्षण

पॉल रँड यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचं मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाउम. वडिलांचं किराणा दुकान होतं. छोटा पेरेट्झ त्या दुकानाच्या पाट्या रंगवायचा, शाळेच्या कार्यक्रमांचे फलकही करायचा. पण चित्रकलेवर पोट भरेल असं वडिलांना वाटत नव्हतं. (आपल्याकडेही हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, नाही का?) म्हणून दिवसा नेहमीची शाळा आणि रात्री प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकलेचे वर्ग, असा मार्ग निघाला.

पुढे त्यांनी नावही आटोपशीर केलं. पॉल रँड, इंग्रजीत चार अक्षरं आणि चार अक्षरं. त्यांचा पहिला लोगो म्हणजे हे नावच म्हणा ना!

कार्य

तरुणपणी 'डायरेक्शन' नावाच्या मासिकाची मुखपृष्ठं त्यांनी बिनपैशाने केली. अट एकच, कामात कोणी ढवळाढवळ करायची नाही. १९४७ साली 'थॉट्स ऑन डिझाइन' हे त्यांचं पुस्तक आलं. १९५६ पासून त्यांनी येल विद्यापीठात शिकवलं, म्हणजे ते आपल्यासारखे शिक्षकही होते. पत्नी अ‍ॅन रँड यांच्यासोबत त्यांनी मुलांसाठी चित्रांची पुस्तकंही केली.

१९५६ मध्येच त्यांनी आयबीएम या कंपनीचा लोगो केला. त्यात संगणकाचं चित्र नाही, फक्त तीन ठसठशीत अक्षरं. 'आय' अरुंद आणि 'एम' रुंद, म्हणून अक्षरं एकसंध दिसावीत यासाठी त्यांनी आडव्या पट्ट्या वापरल्या. आठ पट्ट्यांचं ते रूप १९७२ चं. ते आजही चालू आहे.

१९६१ मध्ये पार्सल पोचवणाऱ्या यूपीएस कंपनीच्या ढालीवर त्यांनी दोरीने बांधलेलं एक पुडकं ठेवलं. तो लोगो त्यांनी आपल्या लहान मुलीला दाखवला. तिने ती भेटवस्तू आहे हे लगेच ओळखलं, आणि त्यांना हवं ते उत्तर मिळालं. हा लोगो २००३ पर्यंत टिकला.

१९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी 'नेक्स्ट' या नव्या कंपनीसाठी त्यांना बोलावलं. मानधन १ लाख डॉलर. रँड यांनी चार-पाच नमुने द्यायला नकार दिला. एकच लोगो दिला आणि तो असाच का, हे सांगणारी पुस्तिका सोबत दिली.

शेवटची गोष्ट

आता आपल्या ओळखीचं नाव येतं. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्रात गाजलेली एन्रॉन! तिचा तिरका 'ई' हे रँड यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. पाच वर्षांनी, डिसेंबर २००१ मध्ये, हिशेबातले घोटाळे उघड होऊन एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि तोच 'ई' लोकांच्या चेष्टेचा विषय झाला.

चित्रकार तोच, हातही तोच. मग फरक कुठे पडला? रँड स्वतःच मानत असत की लोगोला अर्थ मिळतो तो त्यामागच्या कामाच्या दर्जामुळे. लोगो फक्त ओळख देतो. पत मात्र आपली आपणच कमवावी लागते.

वर्गात करून पाहा

१. एखादा लोगो पाच सेकंद दाखवा, मग झाका. मुलांना आठवून काढता आला, तर तो सोपा आहे.
२. तो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. कळतो का?
३. काळी-पांढरी झेरॉक्स काढा. रंग गेल्यावरही ओळखू येतो का?
४. तो दुसऱ्या कुणासारखा दिसत नाही ना, हे तपासा.
५. एक-एक गोष्ट काढून टाकत जा. जी काढल्यावर ओळखच जाते, तिथे थांबा.

मी आमचं बोधचिन्ह पुन्हा केलं. आता त्यात फक्त झाड आहे. पहिलीतली मुलंसुद्धा ते पाटीवर काढतात. मात्र त्या झाडाकडे बघून गावाला काय आठवावं, हे आम्ही रोज वर्गात काय करतो त्यावरच ठरणार आहे.