सलीम अली आणि खाडीकाठची तळी

हिवाळा संपत आला की नवी मुंबईत पाम बीच मार्गालगतच्या पाणथळ जागांवर गुलाबी रंगाची दाट झालर दिसू लागते. नेरुळ आणि सीवूड्सच्या इमारतींमधून माणसे दुर्बिणी, कॅमेरे आणि मुलांचे हात धरून तिकडे निघतात. आलेले पाहुणे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. विशेष म्हणजे यातील कोणीही तिकीट काढलेले नसते. शहरात मनोरंजनाची केंद्रे पुष्कळ उभी राहिली, परंतु खाडीकाठचा हा विनामूल्य सोहळा नागरिकांना जितका आपला वाटतो तितके दुसरे काही वाटत नसावे. म्हणूनच यातील एका पाणथळ जागेवर गोल्फचे मैदान आणि निवासी संकुल उभारण्याचा बेत पुढे आला तेव्हा रहिवासीच न्यायालयात गेले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जागेच्या वापरातील बदल रद्द ठरविला आणि पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

या साऱ्या चर्चेत एक नाव हमखास निघते. ते म्हणजे डॉ. सलीम अली. खरे तर त्यांच्या हयातीत ठाण्याच्या खाडीत रोहितांचे असे थवे उतरत नव्हते. ते मोठ्या संख्येने येऊ लागले १९९० च्या दशकात, आणि सलीम अली १९८७ मध्येच गेले. तरीही हे नाव निघते ते उगाच नाही. राजेरजवाड्यांच्या करमणुकीची एक पाणथळ जागा त्यांनी वाचविली होती. शिवाय रोहितांचे माहेर कोणते, याचा शोध घेण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. आज एखाद्या पक्षिप्रेमी घरात दहा वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक देण्याची कल्पनाही सहन होणार नाही, परंतु भारतातील पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय त्या बंदुकीतूनच सुरू झाला.

एकदा त्या मुलाने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. अशी चिमणी खाणे धर्माला चालते की नाही, हा त्याचा पहिला प्रश्न. मामांना उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. फोर्टमधील त्या कार्यालयात एका साहेबासमोर उभे राहताना पोराची गाळण उडाली असणार. मिलार्ड यांनी मात्र चिमणी ओळखून दाखविली, कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचायला पुस्तके दिली. संस्थेशी तेव्हा जुळलेले नाते पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे टिकले.

शाळा-कॉलेजात मात्र त्यांचे फारसे जमले नाही. सेंट झेवियर्समधील पहिल्याच वर्षी अभ्यास सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणव्यवसायात गेले. व्यवसायापेक्षा तिथल्या जंगलांतील पक्ष्यांमध्येच त्यांचे मन रमले. परत आल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब शिकता शिकता त्यांनी झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचे धडेही घेतले. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्याचे दार मात्र बंदच राहिले. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते रजा काढून जर्मनीत गेले आणि बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. मृत पक्ष्यांच्या कातड्यांची वर्गवारी म्हणजेच पक्षिशास्त्र, असे तोवर मानले जात असे. जिवंत पक्ष्याचे वागणे हाही शास्त्राचा विषय असतो, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा म्युझियममधील त्यांची जागाच काटकसरीत रद्द झाली होती. वय चौतीस, हाती नोकरी नाही, मुंबईत बिऱ्हाड परवडत नाही. पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. आज त्या किनाऱ्यावर सुटीतील बंगले आणि रिसॉर्टची दाटी आहे. तेव्हा ते नारळी-पोफळीतले शांत गाव होते. तिथे त्यांना सुगरण पक्ष्यांची एक वसाहत दिसली. झाडालगत शिडी लावून, कापडी आडोशामागे बसून ते महिनोन्‌महिने त्या पक्ष्यांचे घरकुल न्याहाळत राहिले.

मराठीने या पक्ष्याला सुगरण असे स्त्रीलिंगी नाव दिले आणि बहिणाबाईंनीही खोप्याचे श्रेय तिलाच दिले. किहीमच्या निरीक्षणांतून निघालेले सत्य वेगळे होते. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासणी करतात. एखादीने पसंत केला तर नर तो पुरा करतो, तिला तिथे सोडतो आणि शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. पुढच्या वर्षी हा निबंध प्रसिद्ध झाला आणि बेकारीच्या त्या काळाने त्यांना जगाच्या पक्षिशास्त्रात नाव मिळवून दिले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांची पक्षिसर्वेक्षणे त्यांनी केली. मानधन फारसे मागायचे नाही, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने करायचा, असा साधारण व्यवहार असे. या भटकंतीत तहमिना बरोबर असत. इंग्रजी लेखनावर त्यांचा हात फिरे आणि तंबूतला संसारही त्याच सांभाळीत. १९३९ मध्ये एका किरकोळ समजल्या गेलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहून उरलेले आयुष्य त्यांनी कामात घातले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य वाचकाला प्रथमच आपल्या अंगणातल्या पक्ष्याचे नाव शोधता येऊ लागले. डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. मोटारसायकलचा त्यांना भारी षौक. १९५० मध्ये स्वीडनमधील उपसाला येथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा चोपन्नाव्या वर्षी प्रवेश करणारे हे गृहस्थ आपली सनबीम मोटारसायकल युरोपात नेऊन तीवरूनच तिथे पोहोचले.

नवी मुंबईकरांना त्यांच्या आयुष्यातील दोन प्रकरणे अधिक जवळची वाटावीत. पहिले कच्छचे. कच्छच्या महारावांच्या निमंत्रणावरून त्यांनी तिथल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले आणि १९४५ मध्ये मोठ्या रणातील रोहितनगरी गाठली. चिखलाच्या बुटक्या बुरुजांसारखी घरटी नजर पोहोचेल तिथवर पसरलेली होती. तिथे सुमारे पाच लाख पक्षी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. आकाराने लहान असलेल्या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे धाकट्या रोहिताच्या कच्छमधील विणीवरील टिपण त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. आज ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या थव्यांत या धाकट्यांचाच भरणा अधिक असतो. अलीकडे सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविली, तेव्हा ते पक्षी गुजरातच्या दिशेनेच उडत गेल्याचे दिसले.

दुसरे प्रकरण भरतपूरचे. राजस्थानातील केवलादेवची पाणथळ जागा म्हणजे तिथल्या महाराजांचे करमणुकीचे ठिकाण. बंधाऱ्यातून पाणी आणून ती मुद्दाम तुडुंब भरली जाई आणि बड्या पाहुण्यांसाठी बदकांच्या शिकारीचा थाट होई. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथल्या शिलालेखावर आजही वाचायला मिळतो. योगायोग असा, की त्याच दिवशी सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले. स्वातंत्र्यानंतर या जागेवर संकट आले ते शिकाऱ्यांचे नव्हे. पाणी काढून तळे कोरडे करावे आणि जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी जोर धरू लागली. भूमिहीनांच्या देशात ही मागणी अन्यायाची होती, असे कोण म्हणेल? सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत विषय नेला आणि तळे वाचले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला. पुढे १९८१ मध्ये केवलादेव रामसर यादीत आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले.

या यशाच्या जोडीला एक अपयशही आहे आणि चरित्र सांगताना ते वगळले जाते. उद्यानात गावकऱ्यांची गुरे चरू नयेत, असे सलीम अलींचे मत होते. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली, गावकरी चिडले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. त्यानंतर त्यांच्याच संस्थेने दीर्घ अभ्यास केला, तेव्हा उलटेच दिसून आले. म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले आणि पक्ष्यांना उघडे पाणी उरेना. पाणथळ जागेच्या आरोग्यात तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या माणसांचाही वाटा असतो, हे उमगायला फार मोठी किंमत मोजावी लागली. खाडीतील कोळी बांधवांना बाजूला सारून पक्षी राखू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचायला हवे.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. वेळेच्या बाबतीत कडक, ढिलाईवर चिडणारे, भूतदयेच्या भाबड्या भाषेला नाके मुरडणारे. अभ्यासासाठी पक्षी मारावे लागतात, हे ते उघडपणे सांगत. स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद निघून गेल्यावर सोसायटी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा सरकारदरबारी खेटे घालून त्यांनी ती तगविली. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी मिळालेल्या पन्नास हजार डॉलरच्या गेटी पारितोषिकाची रक्कमही त्यांनी संस्थेकडे वळविली. सायलेंट व्हॅलीतील धरणाला विरोध करणाऱ्यांमध्ये ते होते. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही ती लहानपणीची चिमणीच आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ठाण्याच्या खाडीचे चित्र पालटले. २०१५ मध्ये तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. तथापि अभयारण्याची रेषा पाण्यात आखली आहे आणि पक्ष्यांना केवळ तेवढे पाणी पुरत नाही. ओहोटीत ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीचे पाणी चढले की चिखल बुडतो आणि उभे राहायला उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नेरुळ, सीवूड्स आणि उरण परिसरातील ही तळी. यातील अनेक तळी अभयारण्याच्या बाहेर असल्याने नकाशावर ती मोकळ्या भूखंडांसारखी दिसतात. इमारतींना दुरून समुद्र दाखविणारे हे भूखंड कोणाच्या डोळ्यांत न भरले तरच नवल.

एखादे तळे संपवायला त्यात भराव घालावाच लागतो, असेही नाही. खाडीचे पाणी आत आणणाऱ्या मोऱ्या बुजल्या की पुरे होते. सीवूड्सच्या डीपीएस तळ्याच्या बाबतीत हीच तक्रार झाली. २०२४ मध्ये तिथे रोहित मरून पडल्यावर गदारोळ उठला आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. भरतपूरच्या तळ्याचे पाणी बंधाऱ्यातून सोडावे लागते आणि ते कोणी सोडायचे यावर तिथे दर दुष्काळात भांडण होते. डीपीएस तळ्याला खाडी दिवसातून दोन वेळा स्वतःहून पाणी आणून देते. मोऱ्या तेवढ्या उघड्या असाव्या लागतात.