शरदाच्या रानातली शाळा : ताराबाई मोडक

बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द आज इतके रुळले आहेत, की त्यांच्यामागे काही माणसांचे आयुष्यभराचे चिंतन आणि कष्ट उभे आहेत, याचा सहज विसर पडतो. त्या माणसांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. इटलीत जन्मलेली माँटेसरी पद्धती त्यांनी गुजरातेत आत्मसात केली, मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीत रुजविली आणि वयाच्या पन्नाशीनंतर ती डहाणूच्या वारली पाड्यांपर्यंत नेली. या प्रवासात महागडी लाकडी साधने मागे पडली आणि त्यांची जागा पाने, फुले, बिया, शिंपले व काड्यांनी घेतली. पावसाळा संपताच कोकणच्या रानात हे साहित्य मुबलक असते. मात्र नेमक्या त्याच दिवसांत आदिवासी मूल शाळेला सर्वाधिक दुरावते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा ताराबाईंचा विचार याच अडचणीतून आकाराला आला.

सुधारकी घराचा वारसा

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी विधवा असलेल्या उमाबाईंशी विवाह केला होता. त्या काळी अशा विवाहाची किंमत सगळ्या कुटुंबाला मोजावी लागत असे. रूढीपेक्षा विवेकाला मोठे मानण्याचा धडा ताराबाईंना घरातच मिळाला. मुलींना चार बुके शिकविणेही अनेकांना अनाठायी वाटत होते, त्या काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन, लहानग्या प्रभाला घेऊन त्यांनी स्वतंत्र आयुष्याला सुरुवात केली. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. पगार, प्रतिष्ठा आणि स्थैर्य हे सारे या पदाबरोबर आले होते. एकट्या स्त्रीने ते जपावे, असाच सल्ला कोणीही दिला असता. ताराबाईंनी मात्र दोनच वर्षांत ते सोडले.

भावनगरची नऊ वर्षे

या निर्णयाला कारण ठरले गिजुभाई बधेका. मूळचे वकील असलेले गिजुभाई नानाभाई भट्ट यांच्या भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले होते आणि १९२० पासून तेथे बालमंदिर चालवीत होते. माँटेसरींचे विचार त्यांनी स्वीकारले, पण डोळे झाकून नव्हे. गोष्टी, गाणी, नाटुकली, अंगणातले खेळ आणि सहली यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे स्थान दिले. मुलाला मारू नये, त्याच्यावर ओरडू नये, त्याला बक्षिसाचे आमिषही दाखवू नये, हे त्यांचे म्हणणे छडीवर विश्वास ठेवणाऱ्या समाजाला चमत्कारिक वाटत होते.

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरला गेल्या आणि पुढील नऊ वर्षे तेथे राहिल्या. प्रयोग गिजुभाईंचा असला तरी त्याला शास्त्रीय बैठक देणे, शिक्षक घडविणे आणि लेखनातून तो दूरवर पोहोचविणे यांत ताराबाईंचा वाटा मोठा होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या गुजराती शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालविली. पालकांनी मुलाच्या हट्टाकडे, भीतीकडे, खोटे बोलण्याकडे कसे पाहावे, याची चर्चा मराठी घरांत पोहोचविण्याचे मोठे काम या पत्रिकेने केले.

दादरहून बोर्डीला

१९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहारची सुरुवात झाली. मुंबईतील सुशिक्षित पालकांनी ही बालशाळा उचलून धरली. माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे शहरोशहरी या पद्धतीचा बोलबाला झाला. ताराबाईंना मात्र एक प्रश्न सतावू लागला होता. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीतील मुलांसाठी १९०७ मध्ये सुरू झालेली ही पद्धती भारतात येता येता ऐपतदारांच्या मुलांची झाली होती. साधनांचा एक संच घेण्याचीही ऐपत खेड्यातील शाळेला नव्हती.

याच सुमारास महात्मा गांधींनी नयी तालीमचा विचार सात वर्षांखालील बालकांपर्यंत विस्तारला. या पूर्व-बुनियादी शिक्षणाची रूपरेषा आखण्यात ताराबाईंचा सहभाग होता. कागदावरील योजना गावात उतरविण्यासाठी त्यांनी ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी हे समुद्रकाठचे गाव निवडले. शिक्षणकार्याला वाहून घेतलेले आचार्य भिसे तेथे होते. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्या वेळी ताराबाई ५३ वर्षांच्या होत्या. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ ३५ वर्षांच्या होत्या. बालवयात वैधव्य येऊनही जिद्दीने शिकलेल्या अनुताई पुढे या कामाच्या वारसदार ठरल्या.

हा मुलूख त्या वेळी शांत नव्हता. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारली समाज जमीनदारांच्या वेठबिगारीखाली पिचलेला होता. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९४५ मध्ये बंड पुकारले. पावसाळ्यानंतर डोंगरउतारांवर छातीइतके वाढलेले गवत कापणे ही वारल्यांची हंगामी मजुरी. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळावेत, या मागणीसाठी त्यांनी संप केला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत बोर्डीचे केंद्र उघडले. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता, शिक्षणाचा होता. पण ज्या मुलांसाठी त्या आल्या होत्या, त्यांची स्थिती या घटनांवरून ध्यानात येते.

अंगणात भरणारी बालवाडी

बोर्डीत बालवाडी उघडली म्हणून गरीब वस्तीतील मुले आपणहून आली नाहीत. आईबाप दिवस उजाडताच कामावर जात. मुलांच्या अंगावर धड कपडे नसत आणि शाळा ही आपल्यासाठी असते, अशी कल्पनाही वस्तीत नव्हती. ताराबाई आणि अनुताईंनी उलट वाट धरली. त्या स्वतः वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे, असा क्रम पडला. अंगणवाडीची कल्पना या अनुभवातून घडली. स्वच्छता आणि आरोग्य हे येथे शिक्षणाच्या आधीचे काम नव्हते. ते शिक्षणच होते.

शरदातील अडचण

१९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवताली वारल्यांचे विखुरलेले पाडे होते. तेथे अंगणवाडीचीही मात्रा अपुरी पडू लागली. त्याचे कारण शेतीच्या चक्रात होते.

आषाढ-श्रावणात लावलेला भात आश्विनात पिकू लागतो. पीक उभे आहे तोवर गुरे मोकळी सोडता येत नाहीत; कोणीतरी त्यांच्या मागे हवेच. हे काम सात-आठ वर्षांच्या मुलांकडे असे. मोठी माणसे गवतकापणीला, पुढे भातकापणीला जात. घरी राहिलेले तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येई. जरा मोठी झालेली मुले आईबापांच्या बरोबरीने मजुरीला लागत. अशा स्थितीत शाळेची घंटा वाजली तरी ती ऐकायला पाड्यात मूलच नसे. मुलांना शिक्षणाची आवड नाही, असा निष्कर्ष काढून सरकारी खाते मोकळे होऊ शकत होते. ताराबाईंनी दोष मुलात न शोधता शाळेच्या रचनेत शोधला.

गुराख्यांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. जिथे गुरे चरतात तिथे शिक्षकाने जायचे, झाडाखाली बसायचे आणि गुरांवर एक डोळा ठेवूनच मुलांनी शिकायचे. तान्ह्याला सांभाळणाऱ्या मुलीसाठी विकासवाडीची योजना झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आल्याने भावंडाला पाळण्यात ठेवून बहिणीला वर्गात बसता येऊ लागले. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालले. या तिन्ही योजनांच्या मुळाशी एकच विचार होता: मुलाचे जगणे तोडून शिक्षण देता येत नाही.

रानातील साधने

माँटेसरी साधनांमागील तत्त्व ताराबाईंना पुरते ठाऊक होते. लहान मूल इंद्रियांनी शिकते. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद हाताळून कळले, की त्यातून विचार करण्याची शक्ती येते. हे तत्त्व पक्के असेल तर लाकडी ठोकळ्यांवाचून अडत नाही, हे कोसबाडच्या मुलांनी दाखवून दिले.

शरदातील रानात डोळसपणे फिरले तर याची खात्री पटते. पावसाने धुतलेल्या झाडांची पाने आकाराप्रमाणे लावता येतात. एकाच झाडाची कोवळी, जून आणि पिकली पाने ओळीत मांडली की पोपटीपासून पिवळ्यापर्यंत रंगांच्या छटा समोर येतात. तेरडा आणि झेंडूची फुले एकाआड एक ओवताना बोटांना वळण लागते आणि क्रमही कळतो. चिंचोके मोजायला येतात, खड्यांचे दहा-दहांचे ढीग करता येतात, काड्यांनी लांबी मापता येते. वाळक्या शेंगांचा खुळखुळा कानाला शिकवितो, तर ओली माती हाताला. भाताची लोंबी आणि नाचणीचे कणीस शेजारी ठेवले की मुलांच्या बोलण्याला विषय मिळतो. चतुर, नाकतोडे आणि कोळ्याचे जाळे पाहताना एरवी क्षणभर न थांबणारे मूल बराच वेळ एकाग्र होते.

मात्र रानात मुले सोडून दिली की ती आपोआप शिकतात, अशी ताराबाईंची भाबडी समजूत नव्हती. कोणत्या मुलाला कोणती वस्तू कधी द्यावी, सोप्याकडून अवघडाकडे कसे न्यावे आणि मूल रमले असताना आपण कधी गप्प बसावे, हे शिक्षिकेला कळले पाहिजे. म्हणूनच कोसबाडला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला इतके महत्त्व होते. स्वस्त साधनांची पद्धती शिक्षिकेकडून अधिक कौशल्याची अपेक्षा करते, ही गोष्ट पुढे अनुकरण करणाऱ्यांच्या नजरेतून बरेचदा निसटली. आणखी एक लाभ पैशात मोजण्यासारखा नव्हता. रानातील पानाफुलांची माहिती वारली मुलांना शिक्षिकेहून अधिक होती. पुस्तकासमोर बुजणारे मूल येथे जाणकार ठरत होते.

वारसा

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत कोसबाडचे काम पुढे नेले. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज अशा केंद्रांची संख्या तेरा लाखांच्या पुढे आहे. आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या भाराखाली तेथे बालशिक्षणाला किती वेळ उरतो, हा प्रश्न मात्र कायम आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया म्हणून स्वीकारला. ताराबाईंनी हेच सूत्र धरून आयुष्य वेचले होते.

शहरातील पालकांसाठीही त्यांच्या कामात बोध आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या प्रवेशासाठी रांगा लावणाऱ्या आणि शैक्षणिक खेळण्यांवर हजारो रुपये खर्चणाऱ्या घरांतही शरद ऋतू येतोच. भोंडल्याची गाणी, दसऱ्याचे झेंडूचे तोरण, दिवाळीतला मातीचा किल्ला आणि त्यावर पेरलेले अळीव यांत हात, डोळे, भाषा आणि गणित या साऱ्यांचे शिक्षण सामावलेले आहे. अट इतकीच, की तोरण मुलाने ओवलेले असावे आणि किल्ला मुलाने लिंपलेला असावा; तो वाकडा झाला तरी मोठ्यांनी सरळ करू नये. मुलाच्या हाताला काम आणि मनाला अवकाश देण्यासाठी पैसा लागत नाही, वेळ आणि संयम लागतो. ताराबाई मोडक यांनी ही गोष्ट सर्वांत गरीब मुलांच्या अंगणात सिद्ध करून दाखविली.